हाराच्या मापाची मान

श्रीफळसाहेबांची मान हाराच्या मापाची होती. समोरून कोणी दोन्ही हात वर धरून येताना दिसलं की ती आपोआप खाली झुकायची. हातात हारच असायला हवा असं नव्हतं. एकदा आई ओली चादर झटकून दोरीवर टाकायला निघाली होती आणि साहेब जिना उतरत होते. चादर पाहताच त्यांनी मान वाकवली. आई थबकली. काय झालं ते दोघांनाही कळलं, आणि दोघंही आपापल्या कामाला लागले. मी पायरीवर बसून शाळेच्या बुटांना पॉलिश करत होते. एखाद्या मोठ्या माणसाबद्दलचं माझं पहिलं पक्कं मत तेव्हा झालं, आणि पुढे बराच काळ ते बदलायची वेळ आली नाही.

ते आमच्या गावच्या नगरपरिषदेचे मुख्याधिकारी होते. गावाचं नाव मी लिहीत नाही. वर्धा जिल्ह्यात रेल्वे स्टेशन, कापसाचं जिनिंग आणि एक उंच पाण्याची टाकी असलेली गावं बरीच आहेत, त्यांतलं कुठलंही धरा. साहेब आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आमच्या माडीवर भाड्याने राहत. बाबांचं कापडाचं दुकान होतं आणि नगरपरिषदेच्या कार्यक्रमांना लागणाऱ्या शाली तिथूनच जात, त्यामुळे हा भाडेकरू बाबांना फार आवडे. तोंडावर लोक त्यांना सीओसाहेब म्हणत. श्रीफळसाहेब हे नाव पाठीमागचं.

नव्वदच्या दशकात आमच्या गावात पाण्याची टंचाई असे, विजेची असे, सत्कारांची कधी नसे. वृक्षारोपण झालं की सत्कार. झाडं वाळली की पुन्हा वृक्षारोपण आणि पुन्हा सत्कार. प्रत्येक सत्कारामागे एक नारळ माडीवर चढायचा. आमच्याकडच्या स्वयंपाकाला ओल्या नारळाचं काही काम नसतं, आम्ही तेलाची आणि तिखटाची माणसं. काकू पदराखाली नारळ घेऊन खाली यायच्या आणि आईला म्हणायच्या, "घ्या जी बाई, आणखी दोन ठेवा. मले तर सपनातही नारळच दिसून राह्यले." आईने वड्या केल्या, त्या संपेनात. शेवटी काकू नारळ मारुतीच्या देवळाजवळच्या दुकानात परत देऊ लागल्या, आणि नगरपरिषदेचा शिपाई पुढच्या कार्यक्रमासाठी तिथूनच नारळ घेऊ लागला. माझ्या भावाने एका नारळावर निळ्या पेनाने फुली मारून ठेवली होती. तो पंधरवड्यात साहेबांच्या हाती परत आला, तेव्हा त्यांनी तो भक्तिभावाने कपाळाला लावला.

हे मला दिसलं, कारण तबक माझ्या हातात होतं. मी वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत जात असे. रोज सकाळी शटल गाडीने जायचं, संध्याकाळी यायचं. गावात कार्यक्रम असला की तबक धरायला 'कॉन्व्हेंटची पोट्टी' हवी असे, कारण ती फोटोत शोभते आणि बोलत नाही. दुसरी गोष्ट माझ्या बाबतीत खरी होती. मी लाजाळू होते, पण तबक धरलेल्या मुलीकडे कोणी बघत नाही, सगळे तबकाकडे बघतात, हे माझ्या लवकर लक्षात आलं. मग मी बघत असे. मोठी माणसं मंचावर जवळून कशी दिसतात, हार घालताना मनातल्या मनात कसे दात खातात, शाल अंगावर पडली की तिचा पोत बोटांनी कसा चाचपतात, हे माझं खरं शिक्षण.

साहेबांचं सत्काराला उत्तर ठरलेलं होतं. ते आदल्या संध्याकाळी गच्चीवर त्याची तालीम करायचे. "हा सत्कार माझा नसून या गावाचा आहे. मी निमित्तमात्र." निमित्तमात्र म्हणताना ते उजवा हात छातीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. एकदा डोळे मिटून पुढे पाऊल टाकताना त्यांचा पाय वाळत घातलेल्या पापडांवर पडला. तेवढंच एक नुकसान, ज्याला ते खरोखर निमित्त झाले असतील. बाकी कशाचं निमित्त व्हायला ते तयार नसत. गावात काहीही झालं की त्यांचा एकच प्रश्न असे, "वरून काही आलं का?" वर म्हणजे जिल्ह्याचं ऑफिस, त्याच्या वर नागपूर, त्याच्या वर मुंबई. वरून कागद आला नाही तोवर साहेबांच्या दृष्टीने घटना घडलेलीच नसे. बाजारात एकदा मेलेली गाय दोन दिवस पडून होती. भाजीवाल्या बाया नगरपरिषदेत गेल्या. साहेबांनी विचारलं, "वरून काही आलं का?" एक म्हातारी म्हणाली, "आल्या ना जी. घारी आल्या."

तरीही हा माणूस धैर्यासाठी गाजला. त्याची हकीकत अशी. कोर्टाच्या हुकुमाने बाजार चौकातली अतिक्रमणं काढायची ठरली. सकाळी हिंगणघाटहून जेसीबी आला, पोलीस आले, दुकानदारांनी शिव्या दिल्या, दगडही पडले. साहेब त्या वेळी आमच्या परसातल्या संडासात होते. संडास खालच्या आणि वरच्या बिऱ्हाडाला मिळून एकच होता, पत्र्याच्या दाराचा. मागच्या खोलीच्या खिडकीतून तो समोरच दिसे. जेसीबीचा आवाज थांबेपर्यंत दार उघडलं नाही. आईने दोनदा जाऊन विचारलं, "साहेब, बरं आहे ना?" आतून क्षीण आवाज आला, "पोट धरून राह्यलं, वैनी." मंचावर साहेब शुद्ध बोलत. भीती वाटली की त्यांची वऱ्हाडी बाहेर पडे.

दुसऱ्या दिवशी चौक मोकळा आणि शांत होता. साहेबांनी इस्त्रीचे कपडे घातले, फोटोग्राफर बोलावला आणि अल्लीपूरच्या वाटेला लागलेला जेसीबी परत आणवला. शाळेला सुट्टी होती, मी बाबांच्या दुकानात बसून हे बघितलं. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, "साहेब, काल तर तुम्ही नव्हते." साहेब म्हणाले, "अरे बाबा, आज तर आहो ना! त्याचं ते तोंड वर कर." त्याने जेसीबीचं तोंड वर केलं. साहेब त्याखाली बोट दाखवून उभे राहिले. तो फोटो नागपूरच्या पेपरात आला. पुढे नगरपालिकांच्या अधिकाऱ्यांची जी कुठलीशी विभागीय संघटना होती, तिने त्या वर्षीचा धैर्य-गौरव आमच्या साहेबांना जाहीर केला.

त्या बातमीने माडीवर सण आला. साहेबांनी बाबांच्या दुकानातून राखाडी कापड घेऊन नवा सफारी शिवला. समारंभ नागपूरला होता, उन्हाळ्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी. विभागातले सगळे मुख्याधिकारी येणार होते, जिल्ह्याचे साहेब येणार होते, त्यांच्यावरचेही येणार होते. ज्यांच्याकडून आयुष्यभर कागद येण्याची वाट पाहिली, त्या सगळ्यांसमोर मान वाकवायची होती. गच्चीवरची तालीम आता रोज चालायची. मला ती पाठ झाली, नको असताना.

मला ती पडल्या पडल्या ऐकू यायची, कारण मला कावीळ झाली होती. एकटी मीच नव्हते. बाजारापलीकडच्या आळीत नळाच्या पाण्याला वास येत होता. जुनी पाइपलाइन नाल्यातून गेली होती आणि जोड कुजले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरोघरी माणसं पिवळी पडत होती. कोणी मंत्र घालून कावीळ उतरवणाऱ्याकडे गेलं, कोणी गळ्यात मुळ्यांची माळ बांधली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तीनदा साहेबांकडे येऊन गेले. नळ बंद करा, टँकर लावा, असं ते सांगत. साहेब म्हणत, "मी वर कळवलं आहे. वरून काही येऊ द्या." आणि अध्यक्ष, म्हणजे आमचे नगराध्यक्ष, साहेबांना म्हणत, "नळ बंद केला तं याद राखजा. रविवारी मंत्री येऊन राह्यले, कारंज्याचं उद्घाटन आहे." बाजार चौकात जिथली दुकानं पाडली होती तिथे नगरपरिषदेने कारंजं बांधलं होतं. गाव पिवळं पडत असताना आमच्या कारभाऱ्यांना काळजी होती ती कारंजं कोरडं राहण्याची.

शनिवारी दुपारी साहेब नवा सफारी दाखवायला खाली आले. आईने त्यांना मागच्या खोलीच्या दाराशीच थांबवलं. "आत नका येऊ जी, पोरगी आजारी आहे." त्यांनी दारातून मला पाहिलं. माझे डोळे हळदीसारखे झाले होते. त्यांनी मोठ्यांनी लहानांशी बोलायच्या सुरात विचारलं, "काय झालं बेटा? उघड्यावरचं काही खाल्लं का?" मी त्यांच्याशी क्वचितच बोलत असे. मी म्हणाले, "नळाचं पाणी प्यायले." ते सफारीच्या खिशाचं झाकण नीट करून निघून गेले. माझ्या बोलण्याचा काही परिणाम झाला असं मी म्हणत नाही. झाला असता तर तो डॉक्टरांच्या बोलण्याचाही झाला असता.

जीप दाराशी उभी होती, तिचा आवाज ऐकून मी उठून पुढच्या दारापर्यंत आले. साहेब तिच्यात चढून बसले एवढ्यात समोरच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. तिथल्या सुनंदावहिनींना आठवा महिना होता, आणि त्यांनाही कावीळ होती. सकाळपासून त्यांची शुद्ध हरपत होती. डॉक्टर धावत आले आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता वर्ध्याला न्या, दवाखान्याची गाडी बंद पडली आहे. साहेबांनी जीप दिली असं मला लिहिता येणार नाही. जीप घेतली गेली. चार माणसांनी वहिनींना उचलून मागच्या सीटवर ठेवलं, त्यांच्या सासूबाई, मनोरमाकाकू, पुढे बसायला आल्या तेव्हा साहेब तिथे बसलेले होते, आणि त्या त्यांना म्हणाल्या, "सरका जी, उतरा!" साहेब उतरले. मग जागा नाही म्हणून वहिनींच्या भावाने मनोरमाकाकूंनाही उतरवलं. जीप गेली. रस्त्यावर त्या दोघांचीच धूळ झटकणं चाललं होतं.

डॉक्टर साहेबांच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले, "पाचला नळ सुटतील. आता तरी बंद करा. अशा आणखी बाया आहेत गावात." साहेब माडीवर फोनकडे गेले. ते वर्ध्याला फोन लावत होते. मी खालून ऐकत होते, कारण त्या काळात ट्रंककॉल नसला तरी माणसं ट्रंककॉलच्याच आवाजात बोलत. "साहेब आहेत का? कुठं? नागपूरला? बरं, त्यांच्या खालचे? तेही?" मग दुसरा नंबर. मग नागपूर. "सगळेच कार्यक्रमाला गेले का? मग ऑफिसात आहे तरी कोण?" एका ठिकाणी चौकीदाराने फोन उचलला असावा, कारण साहेब त्याला म्हणाले, "बाबू, तुले काही अधिकार नाईत का?" धीट अधिकाऱ्यांचा गौरव पाहायला सगळे अधिकारी निघून गेले होते, आणि त्या दुपारी आमच्या साहेबांच्या वर कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

ते खाली आले तेव्हा घामाने सफारी पाठीला चिकटला होता. बाबा म्हणाले, "साहेब, शटल मिळते अजून. सत्कार तर चुकायचा नाही." काकूंनी हातात पिशवी दिली. साहेब सायकल रिक्षात बसून स्टेशनकडे गेले. माझ्या मनात आलं, गेला. बरं झालं, कल्पना होतीच.

पण स्टेशनच्या वाटेवर पाण्याची टाकी लागते. तिथे रिक्षा थांबली. नळ सोडणारा गजूभाऊ पुढे कित्येक दिवस हे सांगत होता. टाकीखालचा व्हॉल्व्ह खोल खड्ड्यात होता आणि माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या लोखंडी चावीशिवाय फिरत नसे. गावात अशी चावी एकच होती, दुसरी कोणीतरी कधीच भंगारात विकली होती. गजूभाऊ ती खड्ड्यात घालतच होता. साहेब म्हणाले, "गजू, ते इकडं आण." गजूभाऊला वाटलं फोटो काढायचा आहे. त्याने चावी दिली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, रिक्षात आडवी ठेवली आणि म्हणाले, "घरी चल." गजूभाऊ ओरडला, "साहेब, नळ सोडाचे हायत ना!" साहेब मागे न बघता म्हणाले, "नाई सोडाचे." आणि मग, गजूभाऊ शपथेवर सांगायचा, साहेब रडायला लागले. "माझा सत्कार गेला रे गजू," असं ते म्हणाले.

राखाडी सफारी, कडेवर मूल घ्यावं तशी धरलेली ती गंजकी चावी, आणि ओले गाल, असे साहेब आमच्या मागच्या दाराने घरात शिरले. पाच वाजून गेले आणि नळ आले नाहीत. हळूहळू आमच्या दारासमोर बाया जमू लागल्या. प्रत्येकीच्या हातात रिकामा गुंड, म्हणजे आमच्याकडची कळशी. सगळ्यांत मोठा आवाज मनोरमाकाकूंचा होता, ज्यांची सून त्याच पाण्याने बेशुद्ध होऊन त्याच साहेबांच्या जीपमधून गेली होती. "ओ श्रीफळसाहेब! पानी काऊन बंद केलं बे? सत्काराले गेला का लपून बसला?" मागून कोणीतरी म्हणालं, "नागपूरले गेला असन, नारळ घ्याले!" आणि हशा पिकला.

मग अध्यक्ष आले. साहेबांचं पोट आता खरोखरच बिघडलं असावं, कारण ते चावीसकट संडासात गेले आणि कडी लावून बसले. मी खिडकीतून बघत होते. चावी त्या बुटक्या दारापेक्षा लांब होती. तिची आडवी मूठ पत्र्याच्या दारावरून सरळ वर डोकावत होती, देवळावरच्या झेंड्यासारखी. बाबा पुढच्या दारात सांगत होते की साहेब घरी नाहीत, पण अध्यक्ष त्यांना बाजूला सारून माजघरातून परसाकडे येऊ लागले. शालींची ऑर्डर डोळ्यांसमोरून जात असल्यासारखा बाबांचा चेहरा झाला होता.

आईने दोरीवरची ओली चादर ओढली आणि त्या दारावर टाकली. मूठ झाकली गेली. चादर वरून येताना पाहून आत साहेबांनी मान वाकवली असणार, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

"साहेब," अध्यक्ष दारासमोर उभे राहून म्हणाले, "चावी द्या. कारंजं भराचं आहे."

आतून आवाज आला, "चावी माझ्याजवळ नाही."

"मंग कुठं आहे?"

"वर पाठवली."

"वर म्हणजे कोनाकडं?"

आत कडी चाचपल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "वर."

आयुष्यातलं एकमेव धाडस करतानाही त्यांना खोटं बोलल्याशिवाय जमलं नाही. पण अध्यक्षांना 'वर' या शब्दाची सवय होती. ते घुटमळले. तेवढ्यात आई म्हणाली, "बायामानसाच्या परसात असे काऊन घुसता जी, भाऊ? पोरगी तापानं पडली आहे तिथं." अध्यक्ष निघून गेले, पण जाताना पत्र्यावर एक लाथ मारून आणि साहेबांना गडचिरोली दाखवीन असं सांगून. साहेब अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत. तेवढ्या वेळात नागपूरच्या मंचावर त्यांचं नाव पुकारलं गेलं असेल, आणि कोणीतरी सांगितलं असेल की सत्कारमूर्ती काही अपरिहार्य कारणाने येऊ शकले नाहीत. हे वाक्य मंचावर सर्रास खोटं असतं. त्या दिवशी ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, नागपूरहून परतलेल्या साहेब लोकांनी फोन उचलले. डॉक्टरांनीही वर कळवलं होतं. दुपारी कागद आला, पाणीपुरवठा तात्काळ बंद करण्यात यावा. साहेबांचा चेहरा असा उजळला की जणू काल काही घडलंच नव्हतं. "आलं! वरून आलं!" असं म्हणत ते चावीकडे ढुंकूनही न बघता ऑफिसला गेले. टँकर लागले, मंत्री आले नाहीत, कारंजं कोरडं राहिलं. सुनंदावहिनी वर्ध्याहून परतल्या त्या अगदी काडीसारख्या होऊन, पण परतल्या, आणि मांडीवर मुलगी होती. नाल्यातली पाइपलाइन बदलली, व्हॉल्व्हही नवा बसला, आणि जुनी चावी आमच्या परसात तशीच पडून राहिली.

अध्यक्षांनी शब्द पाळला. साहेबांची बदली झाली. आमच्याकडची रीत अशी की माणसाला गावाबाहेर घालवायचं असलं तरी हार घालून घालवायचं. निरोप समारंभाला शाल आमच्याच दुकानातली होती. तबक मीच धरलं, माझे तळहात अजून पिवळट होते. अध्यक्षांनी साहेबांच्या धैर्यावर भाषण केलं. जेसीबीसमोर छातीचा कोट करून उभा राहिलेला अधिकारी, असं ते म्हणाले. नळाचा उल्लेख कोणीच केला नाही. साहेबांनी मान वाकवली, हार घेतला आणि म्हणाले, "हा सत्कार माझा नसून या गावाचा आहे." ते अध्यक्षांकडे कृतज्ञतेने बघत होते. मी रिकामं तबक छातीशी धरलं.

त्यानंतर मी शिकले, नागपूरला नोकरीला लागले. दोन हजार सालानंतर आमच्याही गावात सगळं बदललं असं म्हणतात. तबकं स्टीलची झाली एवढं मी पाहिलं. नगरपरिषदेने एकदा आपल्या सगळ्या माजी मुख्याधिकाऱ्यांचा गौरव केला. मी सुट्टीवर घरी होते, बाबांनी आग्रह केला म्हणून गेले आणि मागच्या खुर्चीवर बसले. साहेब आता निवृत्त होऊन अमरावतीला राहत होते. काकू वारल्या होत्या. ते खूप वाळले होते, पण मान तशीच, तयार. तबक सुनंदावहिनींच्या मुलीने धरलं होतं आणि ती जांभई दाबत होती.

मानपत्रात जेसीबी होता. साहेब उत्तराला उभे राहिले. ठरलेलं वाक्य झालं, हात छातीवर गेला. मग ते थांबले. मी ताठ बसले. मला वाटलं, आता तरी हा माणूस ती गोष्ट सांगेल. साहेब म्हणाले, "माझ्या कारकिर्दीत माझ्याकडून एकच चूक झाली. वरून आदेश नसताना मी एक दिवस या गावाचं पाणी बंद ठेवलं. माताभगिनींचे हाल झाले. त्याबद्दल मी आज गावाची क्षमा मागतो."

गावाने क्षमा केली. टाळ्या वाजवून केली. मनोरमाकाकू पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. तबक धरलेल्या मुलीने पुढे होऊन साहेबांना नारळ दिला आणि त्यांनी तो कपाळाला लावला. त्या मंडपात माझ्याइतका तिरस्कार कोणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही, आणि तो नक्की कोणाचा होता ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. ज्यांनी क्षमा केली त्यांचा तर होताच. पण ज्याला आपण कधी शूर होतो हेच कळलं नाही, त्याचा राग जास्त येतो.

कार्यक्रमानंतर ते घरी आले. माडीकडे एकदा बघितलं, चहा घेतला आणि परसात हात धुवायला गेले. मागच्या दाराला ती चावी आडवी लावलेली होती. आमचा जुना अडसर मोडल्यापासून आई तीच लावते. साहेबांनी ती ओळखली. दुसऱ्याच्या घरी आपला जुना गुन्हा सापडावा तसं त्यांचं तोंड झालं.

"हे अजून काऊन ठेवलं, वैनी? टाकून द्या ना."

"टाकाची कशी जी?" आई म्हणाली. "इच्याशिवाय दार लागत नाई."

तिने दार उघडायला म्हणून ती दोन्ही हातांनी उचलून काढली आणि वळली. साहेब समोरच होते. त्यांची मान खाली झुकली. आई हातात ते लोखंड धरून उभी राहिली, तिला हसू येत होतं आणि ती हसत नव्हती. मग साहेबांना कळलं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि ते स्वतःच हसले, मंचावर कधी हसत नसत तसं, दात नसलेल्या तोंडाने. "सवय लागली ना बेटा," ते म्हणाले.

ते त्याच हिवाळ्यात गेले. पेपरात दोन बोटांची बातमी आली आणि तिच्याबरोबर तो फोटो होता, जेसीबीच्या तोंडाखाली बोट दाखवणारा. बाबांनी कात्रण दुकानात लावलं. मी घरी असते तेव्हा संध्याकाळी मागचं दार लावायचं काम माझ्याकडे असतं. चावी जड आहे, दोन्ही हातांनी उचलावी लागते, आणि दारात अडकवताना जरा वाकावं लागतं.